हिशेब जुळला, उत्तर चुकलं: कंट्रोल व्हॉल्यूम पद्धतीचे आठ महिने

वाळूच्या साच्यात ओतलेलं शुद्ध ॲल्युमिनियम कसं गोठतं, याचं मॉडेल करायला आठ महिन्यांपूर्वी मी कंट्रोल व्हॉल्यूम पद्धत हाती घेतली. आधी पायथनमध्ये स्वतः लिहिलेला द्विमितीय कोड, मग ओपनफोम हे प्रवाह आणि उष्णतेच्या गणितांचं मोफत सॉफ्टवेअर.

पद्धतीचा गाभा म्हणजे जमाखर्च. जागेचे छोटे कप्पे (सेल) पाडायचे आणि प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवायचं: उष्णता किती आली, किती गेली, किती उरली. एका सेलच्या फेसमधून, म्हणजे दोन सेलांमधल्या सामाईक भिंतीतून, जे बाहेर पडतं, तेच शेजारच्या सेलच्या नावे जमा होतं. त्यामुळे मेश, म्हणजे या सेलांची जाळी, अगदी जाडाभरडा असला तरी एकूण ताळेबंद बसतो. याच गुणावर मी भाळलो, आणि त्यानेच मला तीन आठवडे अडकवून ठेवलं.

झालं असं, की मॉडेलमधलं माझं कास्टिंग (ओतलेला धातू) थर्मोकपल या तापमान मोजणाऱ्या तारांच्या नोंदींपेक्षा लवकर गोठत होतं. धातूने सोडलेली उष्णता आणि वाळूने घेतलेली उष्णता मात्र शेवटच्या दशांशापर्यंत सारखी! मेश बारीक केला की फरक कमी व्हायचा, म्हणून मी मेशलाच दोष देत राहिलो. चूक एकाच ओळीत होती. धातू आणि वाळू यांच्यामधल्या फेसवर मी उष्णतावाहकतेची साधी सरासरी घेतली होती. धातूची धरली २००, वाळूची ०.६, साधी सरासरी १००.३ येते, हार्मोनिक सरासरी (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) जेमतेम १.२. फेसच्या दोन्ही बाजूंचे अर्धे सेल म्हणजे उष्णतेच्या वाटेत एकापाठोपाठ जोडलेले दोन रोध, आणि तिथे वाळूचंच चालतं. साध्या सरासरीने मी वाळूचा अर्धा सेल जणू पुसूनच टाकला होता. या पद्धतीचं गाजलेलं पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या सुहास पाटणकरांनी या हार्मोनिक सरासरीचा आग्रह का धरला, ते तेव्हा नीट उमगलं. ओपनफोमच्या तयार उदाहरणांत लॅप्लेशियनसाठी, म्हणजे उष्णता वहनाच्या पदासाठी, बहुतेक वेळा 'लिनियर' (साध्या सरासरीसारखं) असतं. एकाच मेशमध्ये दोन पदार्थ असतील तर ते 'हार्मोनिक' करून घ्या.

सुप्त उष्णतेच्या, म्हणजे तापमान न बदलता गोठताना सुटणाऱ्या उष्णतेच्या, बाबतीत मात्र पद्धतीने मन जिंकलं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना गोठताना किलोमागे सुमारे ४०० किलोज्यूल सोडतं, म्हणजे जवळपास ४०० अंश थंड होताना सोडावी तेवढी उष्णता. हिशेब तापमानात ठेवला आणि टाइम स्टेप (गणितातलं काळाचं एक पाऊल) मोठी पडली, तर सेल ६६० वरून उडी मारून पुढे जातो आणि ही उष्णता हरवते. एन्थाल्पीत, म्हणजे सुप्त उष्णता धरून एकूण साठलेल्या उष्णतेत, ठेवला की हरवत नाही.

वितळलेल्या धातूच्या प्रवाहासाठी सिम्पल हे दाब आणि वेग आळीपाळीने सुधारत नेणारं अल्गोरिदम वापरलं, पाटणकर आणि स्पाल्डिंग यांचं १९७२ चं. दाबाला ०.३ आणि वेगाला ०.७ रिलॅक्सेशन (दर फेरीत बदलाचा किती भाग घ्यायचा तो गुणक) दिलं की गाडी सहसा रुळावर राहते. फेसवरची किंमत प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलमधून घेणारी अपविंड स्कीम शांतपणे कन्व्हर्ज होते (उत्तरावर स्थिरावते), पण तापमानातले तीव्र उतार पसरट करते. सेलचा पेक्ले अंक (प्रवाहाने वाहून नेणं आणि वहनाने पसरणं यांचं गुणोत्तर) २ च्या वर गेला की दोन्ही बाजूंची सरासरी घेणारी सेंट्रल स्कीम हेलकावे खाऊ लागते. सोयीचं असं इथे काहीच नाही.

खरी तक्रार मशी झोनच्या, म्हणजे अर्धवट गोठलेल्या पट्ट्याच्या, स्थिरांकाबद्दल. अर्धवट गोठलेल्या धातूतला प्रवाह अडवायला तो लागतो, आणि लोक १०,००० पासून १० कोटींपर्यंत काहीही घेतात. मी दोन वेगळ्या किमती घेतल्या, तर गोठण्याच्या रेषेचा आकारच बदलला. ताळेबंद दोन्ही वेळा चोख. म्हणून आता प्रवाह जोडण्याआधी मी स्टेफनच्या एकमितीय प्रश्नावर (गोठण्याची रेषा कशी सरकते याचं नेमकं उत्तर असलेल्या गणितावर) कोड चालवतो आणि रेषा कागदावरच्या उत्तराशी ताडून पाहतो. स्थिरांक मात्र अजून मोजमापाशी जुळवूनच ठरवावा लागतो.