बेळगावातला ट्रकचा क्लास: डबल क्लचला पैकीच्या पैकी, लोडला नापास

खानापूरजवळ आमचा वीट-कौलांचा धंदा. ट्रक दारात उभा आणि ड्रायव्हर कधी यात्रेला, कधी जास्त पैशाला उसाच्या गाडीवर. शेवटी म्हटलं आपणच शिकू, आणि उद्यमबागच्या पुढं खानापूर रोडवरच्या एका क्लासला नाव घातलं. हलक्या गाडीचं लायसन्स किमान १ वर्ष जुनं आणि वय २० पूर्ण, हे कायद्यानं लागतंच. ते बघितल्याशिवाय इथं पैसे घेत नाहीत, ही पहिली चांगली गोष्ट.

क्लासची गाडी जुनी. इतकी जुनी की गिअरच्या पेटीत सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणाऱ्या रिंगा, नाही. बाकीचे वैतागतात, पण माझ्या मते फी याच गाडीसाठी द्यावी. शिकवणारे उस्ताद बैलहोंगलकडचे, मराठी मोडकं, कान मात्र तयार. आधी बंद गाडीवर नुसता गिअरचा दांडा फिरवायला लावतात. मग मीटरवर फडकं टाकतात आणि म्हणतात, "आवाज ऐक. निधान, तम्मा, निधान." म्हणजे कन्नडमध्ये, सावकाश, भावा, सावकाश.

डबल क्लच म्हणजे असं: वरचा गिअर टाकताना क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, क्षणभर थांबायचं, परत क्लच दाबून गिअर टाकायचा. त्या थांबण्यात पेटीतला काउंटर शाफ्ट, म्हणजे इंजिनकडून फिरणारा मधला शाफ्ट, मंदावतो आणि दात बिनआवाज जुळतात. खालचा गिअर टाकताना थांबायचं नाही, उलट न्यूट्रलला रेस द्यायची, कारण खालच्या गिअरला तोच शाफ्ट जास्त जोरात फिरावा लागतो. इथं सगळे चुकतात ते एकाच जागी: क्लच दाबलेला ठेवूनच रेस देतात. मग इंजिन नुसतं ओरडतं, पेटीपर्यंत काहीच पोचत नाही, आणि गिअर किर्रर्र करतो. रेस देताना पाय क्लचवरून पूर्ण वर हवा. हे उस्तादांनी सांगितलं तसं कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या आप्पा ड्रायव्हरांनीपण नाही, आणि त्यांची सगळी हयात स्टिअरिंगवर गेली.

नव्या गाड्यांना हे कशाला, असं कुणी म्हणेल. आमच्या सहा गिअरच्या गाडीला सिंक्रोमेश आहे, सपाटीला एकदाच क्लच दाबून भागतं. पण भरल्या गाडीनं चढाला खालचा गिअर टाकताना थोडी रेस दिली की दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि सिंक्रोच्या रिंगा कमी झिजतात. पेटी उघडायचा खर्च ज्यानं दिलाय त्याला विचारा.

वंटमुरी घाटात एक फेरी नेतात. गिअर वरच, उतार लागायच्या आधी धरायचा. ज्या गिअरनं हा घाट चढशील त्यानंच उतर, हा हिशोब. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनलाच रोखणारा ब्रेक, इंजिन जोरात फिरतं ठेवलं तरच धरतो, फार वरच्या गिअरला त्याचा जोर लागत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्यांवर उस्ताद कन्नडमधून जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. इंजिनचा आधार गेला की सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर, ड्रम तापले की ब्रेक ढिले, आणि सारखं पंपिंग केलं की ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते. वर नव्या इंजिनात गिअरमध्ये राहून पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगपुरतं जळतच राहतं. म्हणजे वाचत तर काहीच नाही.

आता तक्रार. गाडी कायम रिकामी. रिकामी गाडी सेकंडलासुद्धा उचलते, भरलेली फर्स्टशिवाय हलत नाही, आणि क्लच जाळायची खरी परीक्षा तिथंच असते. शिवाय भरली गाडी चढावर न्यूट्रलला आली की वेग झपकन पडतो. क्लासमध्ये शिकवलेलं ते निवांत थांबणं तिथं चालत नाही, हात-पाय दुप्पट चपळ लागतात. हे मला विटा भरून जांबोटी रस्त्याला आप्पांच्या शेजारी बसून शिकावं लागलं. दोन वाळूची पोती मागं टाकून लोड होत नाही, हे क्लासवाल्यांना कुणीतरी सांगा. आणखी एक, एका गाडीमागं पोरं जास्त, स्टिअरिंग हातात कमी वेळ येतं. शेवटी शेवटी तर नुसती आरटीओच्या टेस्टची तयारी, रिव्हर्सवर रिव्हर्स.

तरी पाचातले चार देईन, आणि ते चारही उस्तादांचे. नाव घालताना सकाळची बॅच मागून घ्या. दुपारी त्यांचा पुतण्या असतो, त्याचं लक्ष मोबाईलमध्ये. चप्पल घालून गेलात तर तो काही म्हणत नाही, उस्ताद मात्र केबिनमधून खाली उतरवतात.