घरपोच डॉलर, वर पाच टक्के ‘टीसीएस’

परदेशी चलन घरपोच देणारी माणसं हल्ली कोल्हापुरातही मिळतात. फोनवर किती डॉलर पाहिजेत ते सांगायचं, संध्याकाळी पोरगा मोटारसायकलवरून पाकीट घेऊन दारात हजर. पासपोर्ट नको, तिकीट नको, बँकेत हेलपाटे नकोत, आणि भावही बँकेपेक्षा कमी. बालीला जाताना आम्हाला अशाच एकानं गंडवलं. उरलंसुरलं काम तिकडं कुटा ह्या पर्यटकांच्या भागात गल्लीतल्या एका काउंटरनं पुरं केलं. दोन्हीकडची तऱ्हा सविस्तर लिहितोय, कारण पुढच्या सुट्टीतही हीच माणसं फोन उचलणार आहेत.

जाणारे आम्ही चौघं. मी, बायको, ताई आणि दाजी. चलनाची जबाबदारी दाजींकडं. पोरगा त्यांच्या तालमीतल्या एकाच्या ओळखीतला. कोल्हापुरात तालमीच्या ओळखीवर पोरीचं स्थळ पक्कं होतं, तिथं दीड हजार डॉलरची काय कथा! त्या दिवशी बँकेचा डॉलरच्या नोटांचा भाव ९० रुपये ५० पैसे होता. पोरगा साडेअठ्ठ्याऐंशीला तयार. “दाजी, बँकेत कशाला तंगडतोड करताय? घरचंच काम हाय की.” झालं, ठरलं.

पैसे मोजताना त्यानं हळूच एक आकडा जोडला. डॉलरचे १,३२,७५० रुपये आणि त्यावर पाच टक्के टीसीएस (विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडं भरायचा आयकर), ६,६३७ रुपये. “ह्यातला एक रुपया माझा न्हवं, सरकारचा हाय. रिटर्न भरताना परत मिळतंय.”

दाजींना हे पटायला कारण होतं. टूरवाल्यानं आमच्या पॅकेजवर टीसीएस घेतला होता, तोही पावतीवर दाखवून. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो पहिल्या रुपयापासून लागतोच. प्रवासासाठी नुसतं चलन घेताना मात्र तसं नाही. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही. त्याआधी ही मर्यादा सात लाख होती. आमचा व्यवहार दीड लाखाच्याही आतला. बरं, टीसीएस खरंच कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. दाजींच्या २६एएसमध्ये टूरवाल्याची नोंद सापडली, ह्याची नाही. सापडणार कुठून, ह्यानं पॅन मागितलाच नव्हता.

आता ‘स्वस्त’ डॉलरचा हिशेब बघा. त्याच्या हातात गेले १,३९,३८७ रुपये. बँकेत दीड हजार डॉलरचे झाले असते १,३५,७५० आणि वर जीएसटी. चलनावर अठरा टक्के जीएसटी, असं सांगून ही पोरं लोकांना बँकेपासून पळवतात. पण तो अख्ख्या रकमेवर नसतोच. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का धरायचा. लाखाच्या पुढं दहा लाखांपर्यंत हजार रुपये, अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. जो आकडा येईल त्याच्यावर अठरा टक्के. आमच्या रकमेवर हा कर २१२ रुपये आला असता. म्हणजे दोन रुपयांनी स्वस्त म्हणून घेतलेला डॉलर सगळं धरून बँकेपेक्षा ३,४२५ रुपयांनी महाग पडला, आणि ते कळलं आम्ही परत आल्यावर, सीएसमोर बसून.

पाकिटात शंभराच्या पंधरा नोटा होत्या. मोजल्या, पंधरा भरल्या, पाकीट दाजींच्या कमरेच्या पट्ट्यात गेलं. त्या पंधरांत चार जुन्या छोट्या चेहऱ्याच्या होत्या आणि त्यातल्या दोन नोटांवर कुणा चलनवाल्याचे बारीक शिक्के. शंभर डॉलरच्या नोटेवर फ्रँकलिनचं चित्र असतं. १९९६ च्या आधीच्या नोटेत ते लहान, अंडाकृती चौकटीत आहे. १९९६ पासून चेहरा मोठा झाला, आणि ऑक्टोबर २०१३ पासून मधोमध उभी निळी पट्टी असलेली नोट आली. अमेरिकन सरकारच्या लेखी तिन्ही चालतात. पण बालीतला, बँकॉकमधला चलनवाला अमेरिकन सरकार नाही. त्याला निळ्या पट्टीची, घडी न पडलेली, शिक्का नसलेली नोट लागते. बाकीची तो परत सरकवतो, नाहीतर भाव पाडतो. वीस, दहा, पाचच्या नोटांनाही शंभरापेक्षा कमी भाव मिळतो, त्यामुळं सुटे डॉलर न्यावेत हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करावा आणि पुढं जावं.

नोट बघायची तरी कशी? निळी पट्टी वरून चिकटवलेली नसते, कागदात विणलेली असते. नोट हलवली की पट्टीतल्या घंटा आणि १०० चे आकडे सरकतात. शाईच्या दौतीतली घंटा तिरपी धरल्यावर तांबूसची हिरवी होते. फ्रँकलिनच्या खांद्यावर नख फिरवलं की खरखर लागते. उजेडासमोर धरा, उजवीकडच्या कोऱ्या जागेत त्याचाच फिकट चेहरा दिसतो. दहा सेकंदांचं काम आहे.

तर बालीत पहिल्या संध्याकाळी एका चांगल्या दुकानात गेलो. काचेचा काउंटर, दाराशी बँक इंडोनेशियाच्या, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेच्या, परवान्याचा फलक, नावाच्या सुरुवातीला ‘पीटी’, म्हणजे तिकडची नोंदणीकृत कंपनी. भाव डॉलरला १६,६०० रुपियाच्या आसपास. रुपिया हे इंडोनेशियाचं चलन. चांगल्या नोटांचं काम पाच मिनिटांत झालं, छापील पावतीसकट. चार जुन्या नोटा मात्र बाईंनी दोन बोटांनी परत सरकवल्या.

त्या खपवायला दाजी गल्लीत शिरले. तिथं टी-शर्टं आणि नारळाच्या मूर्ती विकणाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यात एक फळी, एक कॅल्क्युलेटर आणि बाहेर पाटी: १६,९५०, कमिशन नाही. परवाना असलेल्या दुकानापेक्षा गल्लीतला भाव जास्त असेल तर तो फरक कुठून तरी वसूल होणारच. तो कसा होतो ते सांगतो. जुन्या नोटा आहेत म्हटल्यावर तो १६,३०० वर आला. चारशे डॉलरचे ६५ लाख २० हजार रुपिया. बालीत एक लाखाची नोट सहज मिळते, पण ह्यानं सगळे पन्नास हजाराचे दिले. १३० नोटा आणि वर वीस हजाराची एक. दहा-दहाच्या गड्ड्या फळीवर मांडल्या. दाजींनी मोजल्या, बरोबर भरल्या. मग तो म्हणाला, थांबा, एक नोट जास्त गेली वाटतं. सगळ्या गड्ड्या स्वतःकडं ओढल्या, पटापट पुन्हा मोजल्या, हसत हसत एकत्र करून दाजींच्या हातात दिल्या आणि लगेच विचारलं, इंडिया? शाहरुख खान? दाजी खूश.

हॉटेलवर ताईनं मोजल्या. ताई बचत गटाची खजिनदार आहे, तिच्या हातून नोट सुटत नाही. चौदा कमी. सात लाख रुपिया, म्हणजे पावणेचार हजार रुपये. गड्ड्या ओढून घेताना त्यातल्या काही फळीच्या मागं गुडघ्यावर पडलेल्या असतात. समोरच्याला दिसतात फक्त हलणारी बोटं. आम्ही परत गेलो तर तो दाजींकडं बोट दाखवून म्हणाला, तुम्हीच मोजल्या होत्या की. पावती नव्हतीच. म्हणून शेवटची मोजणी आपली हवी. आपण मोजल्यावर त्यानं नोटांना हात लावला तर पहिल्यापासून पुन्हा मोजायच्या, आणि त्यावर तो कुरकुरला तर आपले डॉलर उचलून चालू लागायचं.

कार्डाचाही एक चिमटा आहे, तो थोडक्यात सांगतो. हॉटेलात, दुकानात कार्ड लावलं की मशीन विचारतं, रुपयांत भरणार की रुपियात? रुपये म्हटलं की भाव तो मशीनवाला ठरवतो, आणि तो आपल्या बँकेच्या भावापेक्षा वाईटच असतो. नेहमी तिथलंच चलन निवडा. एटीएमच्या पडद्यावरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, तिथं नाही म्हणा. एटीएम बँकेच्या शाखेतलं बघा. आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर चालू करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तो मुळात बंद असतो.

कोल्हापुरात परतल्यावर दाजींनी पोराला फोन लावला. नोटांबद्दल उत्तर: “मला वरनं जशा आल्या तशा दिल्या.” टीसीएसबद्दल: “सीएला इचारतो.” मग फोन बंद. तालमीतला मध्यस्थ म्हणाला, मी फक्त नंबर दिला होता. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, पावती आहे का? आणि ओळखीच्या वकिलांनी जे सांगितलं त्यानं दाजी गारच पडले. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, १९९९ नुसार परदेशी चलन फक्त रिझर्व्ह बँकेनं अधिकृत केलेल्यांकडूनच घेता येतं. परवाना नसलेल्याकडून घेणाराही नियम मोडतो, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. फसलेला माणूस तक्रारीला जाणार नाही, हे त्या पोराला आपल्याआधी माहीत असतं. त्याचा धंदा त्यावरच चालतो. कमी भाव ही नुसती चटक.

अधिकृत ठिकाण ओळखायला फार डोकं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर परवानाधारक चलन विक्रेत्यांची यादी आहे, आणि परवाना काउंटरवर लावलेला असावा लागतो. ते पासपोर्ट, पॅन आणि तिकीट मागतात. मागणं हेच चांगलं लक्षण. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं चलन ते रोख रुपये घेऊन विकू शकत नाहीत. चेक, कार्ड किंवा खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. त्यामुळं लाख-दीड लाख रोख आणा म्हणणारा परवानाधारक नाही, हे तिथंच समजावं. एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी रोख चलन ३,००० डॉलरपर्यंतच मिळतं, बाकीचं कार्डावर. कोल्हापुरातल्या प्रत्येक शाखेत डॉलर तयार नसतात, चार-पाच दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, आणि नेमकी ही घाईच घरपोचवाल्याच्या पथ्यावर पडते. नोटा हातात आल्या की काउंटरवरच बघून घ्या, नको ती बदलून मागा. उरलेलं चलन परत आल्यावर १८० दिवसांत विकायचं असतं, २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवलं तरी चालतं. नाणी मात्र तिकडंच संपवून या, इकडं कुणी घेत नाही.

विनापरवाना पैशाचा धंदा करणाऱ्यांविरुद्ध तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ संकेतस्थळ आहे. तिथं लिहायला दाजींचा विरोध होता. तालमीत तोंड कसं दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न. वकिलांनीही बजावलं होतं की चौकशी तुमचीही होऊ शकते. ताई म्हणाली, होऊ दे. फोन नंबर, तारीख, रक्कम, आणि त्या पोरानं व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागं स्वतःच्या हातानं लिहिलेला हिशेब, ‘टीसीएस ६,६३७’ ह्या ओळीसकट, सगळं तिनं स्वतः बसून भरलं.