मादी गाभण आहे का? सोनोग्राफी की हार्मोन तपासणी

प्राणीसंग्रहालयातली मादी गाभण आहे का, हे ओळखायला शेण, लघवी किंवा रक्तातले हार्मोन मोजता येतात, नाहीतर सोनोग्राफी. कोणती तपासणी बरी, हे प्राण्यावर ठरतं.

हरणं-काळविटांसाठी मी डोळे मिटून हार्मोन म्हणेन. धरपकडीच्या धसक्यानेच हरीण मरू शकतं. लेंड्या उचलायला त्याला हातही लावावा लागत नाही. कळपात कुठल्या लेंड्या कुणाच्या हे कळावं म्हणून एकीच्या खुराकात चमकी मिसळतात आणि चमकणाऱ्या तेवढ्या गोळा करतात. मात्र एका नमुन्यावर निकाल लागत नाही, आठवडेच्या आठवडे आकडे मांडावे लागतात.

पांडाच्या बाबतीत हेच हार्मोन दगा देतात. गर्भ नसला तरी प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपणाचं हार्मोन तसंच चढतं, मादी घरटं करते, तिचं खाणं कमी होतं. सगळं खरं, फक्त पिल्लू नाही! वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणीसंग्रहालयात मेई शियांग या पांडा मादीला मार्च २०२० मध्ये कृत्रिम रेतन केलं होतं. १४ ऑगस्टला सोनोग्राफीत गर्भ दिसला आणि २१ ऑगस्टला पिल्लू जन्मलं. खात्री पटली ती जेमतेम आठवडाभर आधी, पण पटली ती सोनोग्राफीमुळेच.

हत्तिणीला दोन्ही हवं. तिची लीद हाताने काढायची, कोमट पाण्याचा एनिमा द्यायचा, मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून प्रोब, म्हणजे सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग, गुदद्वारातून आत. गाई-म्हशी तपासणाऱ्या डॉक्टरांना हे नवं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ दिसतो. पुढे तो पोटात खाली उतरतो आणि प्रोबच्या टप्प्याबाहेर जातो. गर्भारपण जवळपास २२ महिन्यांचं, म्हणजे उरलेला काळ रक्ताच्या भरवशावर. प्रसूतीच्या २ ते ५ दिवस आधी प्रोजेस्टेरॉन एकदम तळाला जातं. रात्रपाळी कधी लावायची, ते हा आकडा सांगतो.

सोनोग्राफीत मशीनपेक्षा मोठा खर्च सवय लावण्याचा. गोरिलाची मादी फळ खात जाळीला पोट टेकवते, पण त्यामागे रखवालदाराचे कित्येक महिने असतात: आधी नुसता हात, मग बंद प्रोब, मग जेल, तेही कोमट करून, कारण गार लागलं की ती मागे सरते. नुसत्या तपासणीसाठी भूल देऊ नका. रोज अर्धा तास देणारा माणूस नसेल तर मशीन तूर्त घेऊ नका. गोरिलाच्या लघवीवर माणसांची गर्भचाचणीची पट्टीसुद्धा चालते.