पुण्यातील एका पेन क्लिनिकचा (वेदनांवर उपचार करणाऱ्या दवाखान्याचा) दहा महिन्यांचा अनुभव

कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकतीची शस्त्रक्रिया 2021 साली झाल्यावर माझ्या डाव्या पायातली कळ थांबली, परंतु कंबर दुखतच राहिली. त्या दुखण्यासाठी सुरू झालेली ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची 50 मिलिग्रॅमची कॅप्सूल तीन वर्षांत दिवसाला दोनांवरून सहांवर गेली. प्रत्येक वाढ डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच झाली होती, त्यामुळे आपण काही वावगे करतो आहोत असे मनातही आले नाही. पुढे आमच्या भागातील एका डॉक्टरांनी, ‘तुम्हाला गोळीची सवय लागली आहे, आजपासून बंद’ असे सांगितले आणि चिठ्ठी देणेच थांबवले. ट्रॅमाडॉल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे; औषधाच्या दुकानातही ते चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र वर्षानुवर्षे ते घेणाऱ्याने दुसऱ्या दिवसापासून काय करायचे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात हजेरी घेताना जांभयांवर जांभया येऊ लागल्या, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागले आणि भर उन्हाळ्यात हातावर काटा उभा राहिला. रात्री पाय कोठे ठेवावेत ते कळेना. हलवले की क्षणभर बरे वाटे आणि पुन्हा आतून ओढ सुरू होई. जुलाब, घाम, विनाकारण रडू आणि डोक्यातून विजेचा झटका जावा तशी चमक, हे सगळे पाच दिवस चालले. त्यातच कंबर शस्त्रक्रियेपूर्वी दुखत नव्हती इतकी दुखू लागली, आणि कॅप्सूल पुन्हा सुरू करावी लागली. हाडांच्या डॉक्टरांनी हा व्यसनाचा भाग आहे म्हणून मानसोपचाराकडे पाठवले आणि तेथे, आधी दुखण्याचा बंदोबस्त करा, म्हणून परत हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले. या येरझारांतून शेवटी एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून मी या क्लिनिकमध्ये पोहोचले. क्लिनिकचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही. आमचे गाव लहान आहे, आणि नाव लिहिले की लोक डॉक्टरांकडे न जाता माझ्याच गोळ्यांचा हिशेब मागू लागतील.

पहिल्या भेटीला घरातील सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगितले होते. ती पिशवी टेबलावर उलटी करून डॉक्टरांनी एकेक पट्टी पाहिली आणि झोपेसाठी व नसांच्या दुखण्यासाठी दुसरीकडून मिळालेली एक गोळी बाजूला काढली. ट्रॅमाडॉल अफूच्या जातीच्या औषधांप्रमाणे काम करतेच, पण मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवरही त्याचा परिणाम होतो. त्यामुळे बाजूला काढलेल्या त्या गोळीसारख्या काही मानसिक औषधांबरोबर ते घेतल्यास फिट येण्याचा धोका वाढतो, आणि माझ्या डोक्यातील त्या विजेच्या चमकेचे मूळही याच दुहेरी कामात होते. इतकी वर्षे या दोन औषधांच्या चिठ्ठ्या कोणी शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. ‘बाई, तुमच्या शरीराला या औषधाची सवय झाली आहे, त्याला व्यसन म्हणत नाहीत,’ असे डॉक्टर म्हणाले. आमच्याकडे गोळी सुटत नाही म्हटले की लोक थेट व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देतात, त्यामुळे त्या एका वाक्याने किती ओझे उतरले ते सांगता येणार नाही.

या क्लिनिकची खरी कामगिरी औषध कमी करण्याच्या हिशेबात आहे. 50 ची कॅप्सूल अर्धी करता येत नाही, आणि दीर्घकाळ पाझरणारी गोळी तर मोडायचीच नसते, कारण मोडली की सगळे औषध एकदम अंगात उतरते. म्हणून त्यांनी मला 37.5 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशा एकत्रित साध्या गोळीवर आणले. दिवसाला आठ गोळ्या म्हणजे तेच 300 मिलिग्रॅम झाले; पॅरासिटामॉलही 2,600 मिलिग्रॅम पोटात जाऊ लागले, तेव्हा डोके दुखले तरी वेगळी पॅरासिटामॉल घ्यायची नाही, अशी ताकीद मिळाली. पहिले दोन आठवडे काहीच कमी केले नाही. मग दर तीन आठवड्यांनी एक गोळी, आणि चारवर आल्यावर अर्धी अर्धी. वर्षाहून अधिक काळ अशी औषधे घेणाऱ्यांना महिन्याला दहा टक्के किंवा त्याहून सावकाश कपात अधिक सोसते, असे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. आपण त्याहून जरा वेगाने जाऊ आणि न सोसल्यास थांबू, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. अडीच गोळ्यांवर मी अडले, तेव्हा सहा आठवडे तेथेच थांबलो. मागे मात्र गेलो नाही. अंगाची औषध सोसण्याची ताकद उतरल्यावर जुन्या मात्रेवर एकदम परतणे श्वासाला धोक्याचे असते, हे घरच्यांनाही समोर बसवून समजावले.

घाम आणि अंगावरच्या काट्यासाठी क्लोनिडीन या रक्तदाबाच्या औषधाची लहान मात्रा काही आठवडे दिली, पण दर वेळी रक्तदाब झोपवून आणि उभे करून, असा दोनदा मोजला. एकदा उभे राहताच भोवळ आली, तेव्हा ती मात्रा लगेच कमी केली. नसांच्या दुखण्यावरील प्रीगॅबालिन या गोळीविषयी मी स्वतःच विचारले होते. तीही पुढे सोडताना त्रास देते, म्हणून डॉक्टरांनी ती टाळली. एक गोळी सोडवण्यासाठी दुसरीच्या ताब्यात न देणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला.

दुखण्याची बाजू फिजिओथेरपिस्टनी सांभाळली. माझी पद्धत अशी होती की बरे वाटले त्या दिवशी घर आवरून काढायचे आणि पुढचे दोन दिवस आडवे पडायचे. त्यांनी काम दुखण्यावर न ठेवता घड्याळावर ठेवायला लावले. ‘काकू, तिसरी भाकरी झाली की बसायचं, चौथी जमत असली तरी,’ हे त्यांचे वाक्य सुरुवातीला पोरकट वाटले. तिसरीवर थांबून पाच मिनिटे बसायचे, मग पुढच्या तीन. दोन महिन्यांनी चारवर गेले, आता पाचवर आहे. माझ्या वहीत दोन रकाने आहेत, एकात गोळ्या आणि दुसऱ्यात भाकऱ्या व चालण्याची मिनिटे. डॉक्टर नेहमी दुसरा रकाना आधी वाचतात. दुखणे गेलेले नाही, पण आठ गोळ्यांवर असताना होते त्याहून ते आज जास्त नाही. अफूच्या जातीच्या औषधांनीच कधीकधी वेदनेची जाणीव तीव्र होते, हे त्यांनी सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

उणिवाही आहेत. पहिल्या भेटीचे 1,200 आणि पुढच्या प्रत्येक भेटीचे 700 रुपये, शिवाय फिजिओथेरपी वेगळी. यातले काहीच विम्यातून मिळाले नाही. झोपेची बाजू लंगडी वाटली. जुलाब आणि घाम कधीच थांबले, पण पहाटे तीनला जाग येणे अजून चालू आहे, आणि त्यावर ‘हळूहळू येईल’ यापलीकडे फारसे उत्तर मिळत नाही. रात्री त्रास वाढला तर फोन करायला क्रमांक नाही. मला दोनदा सकाळपर्यंत वाट पाहावी लागली. आणि कंबरदुखीच्या रुग्णांच्या प्रतीक्षागृहात पाठ नसलेली बाके ज्यांनी ठेवली, त्यांना एकदा त्यांवर दीड तास बसवायला हवे.

सध्या रात्रीची अर्धी गोळी राहिली आहे. प्रमाणाने पाहिले तर ही कपात सगळ्यांत मोठी, म्हणून ती शाळेच्या परीक्षा संपल्यावर करायची ठरली आहे. बाहेरगावच्यांनी मंगळवार सकाळची वेळ घ्यावी, गर्दी कमी असते. सोबत सगळ्या पट्ट्या, जुन्या चिठ्ठ्या आणि पाठीला लावायला एक उशी न्यावी.