मांडवीच्या खाडीत फ्लाय फिशिंग : उन्हाळ्याच्या अखेरीस घेतलेल्या एका सेवेचे परीक्षण

मांडवी नदी आणि कुंभारजुवे कालव्याच्या पट्ट्यात फ्लाय फिशिंगसाठी (केसा-पिसांच्या कृत्रिम आमिषाने, म्हणजे 'फ्लाय'ने, मासे गरवण्यासाठी) होडी, वाटाड्या आणि साहित्य पुरवणाऱ्या एका छोट्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. ही सेवा दोघेच चालवतात, डिचोलीकडचा एक तरुण वाटाड्या आणि चोडण बेटावरचा एक वयस्क होडीवाला. जाहिरातही नको आणि बदनामीही नको, म्हणून नावे देत नाही. पाणी वाचण्यात हे दोघे गोव्यात मी पाहिलेल्या कोणाहीपेक्षा सरस आहेत. त्यांचे साहित्य मध्यम दर्जाचे आहे, आणि पकडलेला मासा हाताळण्याची त्यांची रीत मात्र बदलायला हवी. मे महिन्याच्या उत्तरार्धात जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हे तिन्ही मुद्दे लक्षात घ्यावेत, कारण त्या दिवसांत प्रत्येकाचे महत्त्व वाढते.

आपल्याकडे फ्लाय फिशिंग म्हटले की बहुतेकांना हिमाचलमधील तीर्थन किंवा काश्मीरमधील लिद्दर आठवते, आणि ते योग्यच आहे. ब्रिटिशांनी १९०९ च्या सुमारास कुल्लूच्या नद्यांत ब्राउन ट्राउट सोडला, आणि या पद्धतीचे भारतातील बरेचसे संस्कार अशा थंड पाण्याच्या काठी घडले. ट्राउटच्या नद्यांवर उन्हाळ्याची अखेर हा अवघड काळ मानला जातो. अमेरिकेत किंवा युरोपात त्या वेळी पाणी उतरलेले, नितळ आणि कोमट असते. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ट्राउटवर ताण येतो, आणि जाणते गळकरी दुपारपूर्वी गरवणे थांबवतात. अमेरिकेतील मोंटाना राज्यात सलग तीन दिवस पाणी सुमारे २३ अंशांवर गेले, तर त्या नदीवर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारीस मनाई करण्याची पद्धत आहे. हिमाचलात चित्र वेगळे दिसते. तिथे उन्हाळ्यात बर्फाचे आणि पुढे पावसाचे गढूळ पाणी येते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ म्हणून मासेमारी बंद असते. या सगळ्याचा संबंध मांडवीशी काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, ट्राउटच्या नदीवर जी शिस्त अंगवळणी पडते, तिच्यातली कोणती गोव्यात उपयोगी आहे आणि कोणती निरुपयोगी, हे ओळखणारा वाटाड्या चांगला. आणि या सेवेची मी त्याच कसोटीवर पारख केली आहे.

मे महिन्यात मांडवीत गोड्या पाण्याचा ओघ जवळजवळ आटलेला असतो. भरतीचा प्रभाव मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो, आणि खारे पाणी वर्षातील इतर कोणत्याही महिन्यापेक्षा खोल आत शिरते. पावसाळ्यात चिखलाने लाल होणारी हीच नदी मेमध्ये हिरवट आणि बऱ्यापैकी स्वच्छ असते, त्यामुळे माशाला फ्लाय दिसते. पण त्याला होडीही दिसते, हे विसरून चालत नाही. पाण्याचे तापमान तीस अंशांच्या पुढे असते. चोणकाला (म्हणजे जिताड्याला) हे पाणी मानवते, ट्राउटला ते प्राणघातक ठरेल. म्हणजे ट्राउटचा गळकरी ज्या तापमापकाकडे बघून दिवस ठरवतो, तो इथे काहीच ठरवत नाही. इथे सारे ठरते ते भरती-ओहोटीवर.

ही सेवा नेमकी याच ठिकाणी इतरांपेक्षा वेगळी पडते. पर्यटकांसाठी चालणाऱ्या बहुतेक होड्या सकाळची ठरावीक वेळ देतात, कारण हॉटेलच्या न्याहारीशी ती जुळते. भरती मात्र रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि कोणाच्या न्याहारीची वाट पाहत नाही. इथे नोंदणी करताना वाटाड्या आधी तिथी विचारतो, मग तारीख सुचवतो, आणि निघण्याची वेळ ओहोटी कधी सुरू होणार त्यावरून कळवतो. आमच्या खेपेला त्याने अमावास्येचे उधाण टाळून त्यानंतरचे तीन-चार दिवस सुचवले. उधाणात पाणी इतक्या जोराने वाहते की खारफुटीच्या मुळाशी फ्लाय क्षणभरही टिकत नाही, आणि भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ते इतके सुस्त होते की लहान मासळी विखुरलेली राहते. मधले दिवस कमी वेगाचे पण निश्चित ओढीचे असतात. हे स्पष्टीकरण त्याने न विचारता दिले आणि पाण्यावर गेल्यावर ते खरे ठरले. दुपारी बारानंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा खाडीच्या रुंद भागात फ्लायची लाइन फेकणे व्यर्थ असते, म्हणून पहाटेची ओहोटी मिळेल अशीच तारीख त्याने काढली होती.

होडी रायबंदरसमोर चोडणच्या काठावरून निघते. बेटाच्या पश्चिम टोकाचे सलीम अली पक्षी अभयारण्य ते पूर्णपणे टाळतात, आणि ही गोष्ट त्यांना आठवण करून द्यावी लागली नाही. इंजिन दूरवरच बंद करून होडीवाला लांब बांबूने होडी रेटतो. यात त्याचे कसब असे आहे की, प्रवाहाशी तिरकस कोन साधून तो होडी जवळजवळ एका जागी धरून ठेवतो, आणि फेकणाऱ्याला प्रत्येक फेकीनंतर अंतर पुन्हा मोजावे लागत नाही. तीर्थनवर गळकरी स्वतः पाण्यात उतरून आपली जागा निवडतो. इथे पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नाही, कारण तळ मांडीपर्यंत रुतणाऱ्या चिखलाचा आहे आणि कुंभारजुवे कालव्यात मगरींची वस्ती आहे. म्हणून होडीवाला हाच गळकऱ्याचे पाय असतो, आणि या बाबतीत या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतात.

दिवसाचा सर्वांत चांगला भाग खाजन जमिनीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीच्या, बांधालगत गेला. मानस म्हणजे या बांधातले पाण्याचे दार हे गोव्यातील वाचकाला सांगायला नको, पण ओहोटीच्या वेळी तिथे काय घडते हे बांधावरून सहसा दिसत नाही. भरतीत बंद झालेली मानशीची लाकडी दारे पाणी उतरू लागताच आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, आणि खाजनात शिरलेली कोळंबी, शेवट्याची पिल्ले, काळुंदर हे सगळे त्या प्रवाहाबरोबर बाहेर फेकले जाते. प्रवाह नदीला मिळतो तिथे दोन पाण्यांच्या मध्ये एक शांत रेघ तयार होते. चोणक जोरात वाहत्या पाण्यात उभा न राहता त्या रेघेच्या शांत बाजूला थांबतो आणि समोरून जाणारे भक्ष्य ओढून घेतो. तेव्हा पाण्याखालून धप्प असा दबका आवाज येतो. वाटाड्याने आम्हाला मानशीच्या तोंडावर लाइन टाकू दिली नाही. तिथल्या मासेमारीचा हक्क लिलावात घेतलेला असतो आणि जाळे लावलेले असते. त्याने आधी हक्कदाराला हाक मारून परवानगी घेतली आणि होडी जाळ्याच्या बरीच खाली ठेवली. बाहेरून आलेले काही हौशी लोक ही मर्यादा पाळत नाहीत आणि मग बांधावर वाद होतात, म्हणून या सौजन्याची नोंद आवर्जून करतो.

फेकीचे तंत्र शिकवण्यातही तो तरबेज आहे. ट्राउटवर सराव झालेल्या माणसाची एक सवय हटत नाही. मासा लागला असे वाटताच हात आपोआप रॉड वर उचलतो. ट्राउटच्या मऊ तोंडाला आणि बारीक टिपेटला (फ्लायला बांधलेल्या टोकाच्या धाग्याला) ते पुरेसे असते. चोणकाचे आणि तांबोशीचे (खारफुटीतल्या रेड स्नॅपरचे) तोंड कठीण असते; रॉड वर गेला की फ्लाय तोंडातून निसटून येते. इथे रॉडचे टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हाताने लाइन झटक्यात ओढायची असते. माझ्याबरोबरच्या मित्राला त्याने शांतपणे सांगितले, "बाब, रॉड वर काढू नका, दोरी ओढा, आणि ती लागेपर्यंत ओढतच राहा." तांबोशीच्या बाबतीत पुढचे दोन सेकंदच महत्त्वाचे असतात. ती लागताच सरळ खारफुटीच्या मुळांत शिरते, आणि तिथे तिला सवलत दिली तर लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा धागा, तुटतो. म्हणूनच ट्राउटसाठी वापरतात तसला केसासारखा टिपेट न देता तो जाड फ्लुओरोकार्बनचा धागा बांधून देतो. आम्हाला मध्यम आकाराचे चोणक मिळाले. तांबोशीने मात्र आमची फजिती केली, त्याचा दोष सेवेवर ढकलता येणार नाही.

साहित्याविषयी लिहिताना उत्साह थोडा आवरता घ्यावा लागतो. रॉड आठ वजनाचे (हा ताकदीचा क्रमांक, किलो नव्हे) आहेत, म्हणजे खाडीसाठी योग्य. ट्राउटचा चार-पाच वजनाचा रॉड या वाऱ्यात आणि या माशांसमोर टिकत नाही. रिळे खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली असून त्यांचे ब्रेक सुरळीत चालतात, आणि प्रत्येक फेरीनंतर ती गोड्या पाण्याने धुतली जातात हे प्रत्यक्ष पाहिले. फ्लाय बहुतेक क्लाउझर पद्धतीच्या, वजनदार डोळ्यांच्या, पांढऱ्या आणि हिरव्या केसांच्या आहेत. त्यांतील काही वाटाड्याने स्वतः बांधलेल्या असून विकतच्यांपेक्षा नीटस आहेत. अडचण आहे ती लाइनची. दोन रिळांवर थंड पाण्यासाठी बनवलेली, ट्राउटच्या वापराची लाइन चढवलेली होती. अशा लाइनचा लेप उष्णतेत मऊ पडतो आणि चिकटतो. सकाळी सातला ती ठीक चालली, पण दहानंतर तळपत्या होडीत वेटोळी होऊन ती रॉडच्या कड्यांत अडकू लागली आणि फेकीचे अंतर निम्म्यावर आले. उष्ण कटिबंधासाठी कडक गाभ्याच्या लाइन बाजारात मिळतात, त्या महाग आहेत हे मान्य. पण जी सेवा फक्त गोव्यातच चालते तिने थंड पाण्याची लाइन ठेवावी याला काटकसरीपलीकडे दुसरे कारण दिसत नाही. वाटाड्याला हे सांगितले तेव्हा त्याने नाकारले नाही. ज्याच्याकडे स्वतःची लाइन असेल त्याने ती बरोबर न्यावी.

आता मासा हाताळण्याविषयी. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. दहा अंशांच्या गोड्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे अकरा मिलिग्रॅम असू शकतो, तीस अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो, आणि समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात तर सहाच्या आसपास. चोणक उष्णता सहन करतो हे खरे, पण दमलेल्या माशाला श्वास भरून काढायला या पाण्यात कमी मिळते हेही तितकेच खरे. ट्राउटच्या नद्यांवर उन्हाळ्यात मासा लवकर ओढून घ्या, पाण्याबाहेर काढू नका, असा जो आग्रह धरतात तो इथेही तसाच लागू व्हायला हवा. प्रत्यक्षात वाटाड्याने लोखंडी चिमट्याने मासा जबड्यातून धरून उभा लटकवला आणि छायाचित्रासाठी बराच वेळ तसाच ठेवला. मोठ्या माशाच्या जबड्याला आणि मणक्याला त्याने इजा होते. जाळीत घेऊन पाण्यातच गळ काढण्याची विनंती केल्यावर त्याने ती लगेच मान्य केली. मात्र विनंती न करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या माशांचे काय होत असेल याची कल्पना येते.

उन्हाळ्याच्या अखेरीस या मुद्द्याला आणखी वजन येते. चोणक जन्मतः बहुधा नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पावसाच्या तोंडावर मोठे मासे विणीसाठी खाडीच्या मुखाकडे सरकतात, म्हणजे मेच्या शेवटी सापडणारा सर्वांत मोठा मासा ही बहुतेक वेळा अंड्यांनी भरलेली मादी असते. तीच मादी सोडून देण्याचा नियम या सेवेने स्वतःहून केला, तर पुढच्या वर्षांत त्यांच्याच धंद्याला त्याचा लाभ होईल. सध्या पकडलेला मासा ठेवायचा की सोडायचा हे गिऱ्हाइकावर सोपवले आहे. होडीवाल्याचे मत वेगळे आहे. "जाळ्यात येतात तेवढे तुम्ही गरीने काय काढणार?" असे तो म्हणतो, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही फ्लाय फिशिंगसाठी पैसे मोजणारा माणूस बाजारापेक्षा कितीतरी महाग मासा घरी नेतो, तेव्हा तो खाण्यासाठी आला नव्हता हे उघड आहे.

बाकी बाबी थोडक्यात. अर्ध्या दिवसाचे शुल्क माणशी न घेता होडीमागे घेतात, त्यामुळे दोघांनी मिळून गेल्यास परवडते. दोघांपेक्षा जास्त जणांना ही होडी लहान पडते आणि मागच्याची फेक पुढच्याच्या टोपीला लागते. लाइफ जॅकेट सर्वांना सक्तीने घालायला लावतात. सावलीसाठी छत नाही, आणि फेकीला जागा हवी असल्याने ते असूही शकत नाही, म्हणून लांब बाह्यांचा सदरा आणि भरपूर पाणी आपणच न्यावे. चहा आणि पाव-भाजी येते, ती चांगली असते. पैसे रोख किंवा यूपीआयने चालतात. वळवाच्या सरी आल्या तर तारीख बदलून देतात. पैसे मात्र परत करत नाहीत, हे आधीच विचारून घ्यावे.

जूनमध्ये नदी लाल झाली की सेवा बंद होते आणि पाणी निवळल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या अखेरीस, पुन्हा सुरू होते. हिवाळ्यात जाणाऱ्याला हवा सुखाची मिळते, पण मानशीवरचा खेळ पाहायचा असेल तर मेमधील उकाडा सोसावा लागतो. त्यासाठी एप्रिलमध्येच फोन करून तारखेचा निर्णय वाटाड्यावर सोपवावा, आणि त्याच फोनवर लाइन कोणती आहे आणि जाळी आहे का, हे दोन प्रश्न विचारून ठेवावेत.