पुठ्ठ्याची फिरती चंद्रिका: कोषाची प्रत कुठवर सुधारते?

रेशीम कोषांची सलग चार पिके पुठ्ठ्याच्या फिरत्या चंद्रिकेवर, म्हणजे रोटरी माउंटेजवर, घेतल्यानंतर हे लिहीत आहे. चंद्रिका म्हणजे रेशीम अळ्यांना कोष विणण्यासाठी दिलेला आधार. एका संचात 10 चौकटी असतात, प्रत्येक चौकटीला 156 खण, आणि एका खणात एका अळीने कोष विणावा ही अपेक्षा. पक्व अळीला वर चढण्याची ओढ असते. त्यामुळे वरची बाजू जड होऊन चौकट आपोआप फिरते, अळ्या पुन्हा वर निघतात आणि वाटेत रिकामे खण भरत जातात. ही युक्ती पहिल्या रात्री पाहताना मजा वाटते, पण तिचा खरा उपयोग कोष काढताना कळतो.

बांबूच्या चंद्रिकेवर दाटी झाली की दोन अळ्या मिळून एकच कोष विणतात. अशा डबल कोषातले दोन धागे एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यातून सलग धागा निघत नाही आणि रिलर, म्हणजे कोषातून धागा काढणारा, तो कोष बाजूला टाकतो. स्वतंत्र खणांमुळे माझ्याकडे डबल कोष तुरळक उरले, आकारही बराच एकसारखा आला. विणण्यापूर्वी अळी मूत्र टाकते. ते खाली अंथरलेल्या कागदावर पडते, म्हणून डागी कोषही घटले. मात्र तो ओला कागद वेळेवर उचलावाच लागतो. एका पिकाला मी आळस केला, खोलीत दमटपणा कोंडला आणि कोष दिसायला देखणे असूनही रीलिंगमध्ये, म्हणजे धागा उकलताना, तो वारंवार तुटला. दमट हवेत सेरिसिन, म्हणजे धाग्यावरचा नैसर्गिक डिंक, लवकर सुकत नाही आणि धाग्याचे थर एकमेकांना घट्ट चिकटतात. विणण्याच्या काळात 22 ते 25 अंश तापमान, 60 ते 70 टक्के आर्द्रता आणि खेळती हवा हवी. ही चौकट त्याची भरपाई करत नाही.

कवचाच्या, म्हणजे कोषाच्या रेशमी आवरणाच्या, बाबतीतही तेच. दर पिकाला मी सरसकट उचललेले 25 कोष तोलतो, ब्लेडने कापून प्युपा (आतला किडा) आणि त्याची कात काढतो व नुसती कवचे पुन्हा तोलतो. कोष 45 ग्रॅम आणि कवचे 10 ग्रॅम भरली, तर कवचाचे प्रमाण सुमारे 22 टक्के होते, जे दुबार (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) जातींच्या संकरासाठी चांगले मानावे. चंद्रिका बदलल्यावर हा आकडा जवळपास जागचा हलला नाही, आणि हलण्याचे कारणही नव्हते, कारण रेशीम ग्रंथी भरते ती अळीच्या पाचव्या, म्हणजे शेवटच्या, अवस्थेत खाल्लेल्या तुतीच्या पाल्यावर. पोचट कोषांची तक्रार असलेल्याने आधी पाला, अळ्यांमधले अंतर आणि रोगनियंत्रण पाहावे. चौकटीवरचा खर्च नंतरचा.

पुठ्ठा धुता येत नाही, हा मोठा दोष. कोपऱ्याचे सांधे तिसऱ्या पिकाला सैल झाले आणि जाळीसारखा चिकटलेला कचरा खणाखणातून वेचण्यात अर्धा दिवस गेला. काढणी मात्र सोपी आहे: दातेरी लाकडी पट्टीने कोष एका दाबात बाहेर पडतात. फक्त घाई नको. अळ्या चढवल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी एक कोष कापून पाहावा. प्युपा तपकिरी आणि टणक झाला असेल तरच पट्टी हातात घ्यावी, नाहीतर कोवळा प्युपा आतच फुटतो आणि इतक्या निगुतीने टाळलेला डाग आतून उमटतो.