नवीन अकूस्टिक गिटार शिकताय? आधी तारा बदला (डी'अडारिओ ईजे१५ एक्स्ट्रा लाइट सेटबद्दल)

अकूस्टिक गिटार शिकायला घेतली की सुरुवातीला सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं असतं, बोटं दुखतात. आणि सगळीकडून उत्तरही एकच मिळतं, सहन कर, घट्टे पडले की थांबेल. घट्टे पडतात हे खरंच आहे, रोज थोडं थोडं वाजवलं की काही आठवड्यांत बोटांची टोकं कडक होतात, पण तोपर्यंत कितीतरी जणांची गिटार कव्हरमध्ये जाऊन कपाटावर चढलेली असते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच जणांची बोटं अगदी ठणठणीत असतात, नडत असतात त्या गिटारवरच्या तारा.

नवीन अकूस्टिकवर बहुतेक वेळा १२ चा सेट असतो. म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच आणि सगळ्यात जाड ०.०५३ इंच. पॅकेटवर याला लाइट म्हणतात, त्यामुळे शिकणाऱ्याला वाटतं याहून हलकं काही नसणारच. असतं. डी'अडारिओ या कंपनीचा ईजे१५ हा १० ते ४७ चा सेट आहे, फॉस्फर ब्राँझ (जाड तारांवर गुंडाळलेला तांब्याचा मिश्रधातू), एक्स्ट्रा लाइट. आकडे बघून वाटेल ०.००२ इंचाने काय होणार, पण कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे साडेपंचवीस इंच स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी तेवढी असलेल्या) गिटारवर १२ ची पहिली तार सुरात लावली की तिच्यावर २३.३ पाउंड ताण येतो आणि १० च्या तारेवर १६.२ पाउंड. किलोमध्ये सांगायचं तर साधारण साडेदहाच्या जागी सव्वासात. हा फरक बोटाला लगेच कळतो.

माझ्या भाचीच्या गिटारवर हा सेट चढवला तेव्हा ती छोट्या एफ कॉर्डवर अडकली होती. त्यात पहिलं बोट आडवं टाकून पहिल्या दोन तारा पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकदम दाबायच्या असतात, आणि तिची दुसरी तार कायम टक् करून मरायची, ती जोर लावून लावून मनगट वाकडं करायची, अंगठ्याने गिटारची मान आवळून धरायची आणि मग सीवरून एफवर जायला इतका वेळ लागायचा की गाण्याची लयच तुटायची. नवीन तारांवर तिने तोच एफ धरला आणि एकेक तार छेडून बघितली, चारही तारा स्वच्छ वाजल्या. मग हाताची पकड आपोआप सैल झाली, आणि पकड सैल झाली की कॉर्ड चेंज पण पटापट व्हायला लागतात, हे मी बऱ्याच शिकणाऱ्यांच्या बाबतीत बघितलंय.

आवाज कसा आहे म्हणाल तर फॉस्फर ब्राँझचा असतो तसा उबदार, गोलसर. ८०/२० ब्राँझच्या (८० टक्के तांबं, २० टक्के जस्त) तारा सुरुवातीला जास्त चकचकीत वाजतात पण ती चमक लवकर उतरते. अकूस्टिकसाठी फॉस्फर ब्राँझच्या तारा १९७४ मध्ये याच कंपनीने पहिल्यांदा आणल्या, म्हणजे हे काही कालचं प्रॉडक्ट नाहीये. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसल्या तर बराच काळ चांगल्या राहतात, घामट हात असतील त्यांनी तर पुसायच्याच.

पॅकेजिंगमधली मला आवडलेली गोष्ट म्हणजे रंग. सहाही तारा एकाच सीलबंद पाकिटात येतात आणि प्रत्येकीच्या टोकाचा छोटा बॉल वेगळ्या रंगाचा असतो, पहिली ई चंदेरी, बी जांभळी, जी हिरवी, डी काळी, ए लाल आणि सहावी ई पितळी. पहिल्यांदा स्वतः तारा बदलणाऱ्याला याचा खूप आधार वाटतो, कारण पहिली आणि दुसरी तार नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड जातं. बॉल ब्रिजच्या (गिटारच्या पोटावरची तारा अडकवायची पट्टी) भोकात टाका, पिन बसवा आणि पिन दाबून धरूनच तार वर ओढा म्हणजे बॉल आत नीट अडकतो, नाहीतर ट्यून करताना पिन उडून बाहेर येते. पेगभोवती (तार गुंडाळायची वरची खुंटी) दोन-तीन वेढे बसतील एवढी ढील ठेवा. नवीन तारा ताणल्या जातात त्यामुळे पहिले एक-दोन दिवस सारख्या उतरणार, घाबरू नका, तारा खराब नाहीयेत, परत परत ट्यून करत राहा.

आता तोटे, कारण आहेत. आवाज थोडा लहान होतो, विशेषतः सगळ्यात जाड दोन तारांचा भरीवपणा कमी होतो. जाड पिकने जोरात स्ट्रमिंग केलं तर तारा फ्रेटवर आपटून खरखरतात, कारण ताण कमी म्हणून तार जास्त हलते. पातळ पिक वापरा आणि हात हलका ठेवा. तरी खरखर राहिली तर ताण कमी झाल्यामुळे मान जरा सरळ झालेली असू शकते, तेव्हा गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) बघून घ्या. आणि पहिली तार बारीक आहे, ट्यून करताना चुकून वरच्या सुरात ओढली तर तुटते, म्हणून ट्यूनरवर नजर ठेवून सावकाश फिरवा.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, तारांनी सगळं सुटत नाही. बाराव्या फ्रेटवर जाड ई तार साधारण अडीच मिलिमीटर उंच असेल तर ठीक, चारच्या वर असेल तर कुठल्याही तारा लावा, त्रास होणारच, तिथे सेटअपच, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याकडून तारांची उंची वगैरे नीट करून घ्यावी लागते. अजून एक सोपी तपासणी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि तोच एफचा आकार एक फ्रेट पुढे धरून बघा. एकदम सोपं वाटलं तर तुमचा नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारा ज्यावरून जातात ती खाचांची पट्टी) उंच आहे, त्याच्या खाचा थोड्या खोल करून घ्यायला पाहिजेत. हे काम घरी कानशीने करू नका, खाच जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो.

आणि नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर हा सेट लावायचा नाही. एक्स्ट्रा लाइट असला तरी स्टीलचा आहे, तेवढा ताण त्या गिटारला सोसत नाही, ब्रिज उखडू शकतो. घेण्याआधी आपली गिटार कुठली आहे ते बघा, बारीक तीन तारा प्लॅस्टिकच्या दिसत असतील तर ती क्लासिकल.

सुरुवातीचे काही महिने हाच सेट ठेवा, बॅरे कॉर्ड (एक बोट आडवं टाकून धरायचे) नीट वाजायला लागले आणि आवाज कमी पडतोय असं वाटलं की याच कंपनीचा ११ ते ५२ चा ईजे२६ लावून बघा. बोटं नाजूक असतील किंवा छान हळू फिंगरपिकिंग करायचं असेल तर बदलायचीही गरज नाही, मी स्वतः एका गिटारवर अजून १० च्याच तारा ठेवल्यात.